शहरातल्या मुली, तैलरंगात : कामाच्या नोंदी

2 जून 2024

मुंबईत नोकरीसाठी येऊन राहिलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलींची तैलचित्रं करायला घेतली आहेत. आकार 30 बाय 40 इंच, पद्धत वास्तववादी, आणि मुलगी प्रत्यक्ष समोर बसवूनच. फोटो काढायचा तो फक्त खोलीतल्या वस्तू आणि कपड्यांच्या घड्या लक्षात राहाव्यात म्हणून. असं काम कुणाला हाती घ्यायचं असेल, तर पैसे कुठे जातात, वेळ कुठे जातो आणि काय फसतं हे आधी कळावं, यासाठी या नोंदी ठेवते आहे.

चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी मुंबईतल्या बायका किती बारकाईने काढल्या आहेत. मूळचे गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांनी आपल्या पत्नीला पुन्हा पुन्हा समोर बसवलं. पणजीला गेलात तर फुंदासांव ओरिएंट या पोर्तुगीज संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रं जरूर पाहा. पण खाटेखाली सूटकेस सरकवून अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहणारी, पगार झाला की घरी पैसे पाठवणारी मुलगी मला आपल्या चित्रांत फारशी भेटत नाही. अमृता शेरगिलचं 1932 सालचं पॅरिसमधलं ‘यंग गर्ल्स’ मी त्यासाठीच डोळ्यांसमोर ठेवलं आहे. एक नीटनेटक्या कपड्यांत, दुसरी केस मोकळे सोडलेली. बहीण इंदिरा आणि मैत्रीण. दोघी चित्रकाराला पाहुणी मानत नाहीत, हे त्या चित्रात दिसतं. मला तेवढंच हवं आहे.

खोली गिरगावातली, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची. खिडकी उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो असं सगळीकडे शिकवतात, पण हा नियम युरोपातला आहे. मुंबईत साधारण 15 मे आणि 27 जुलैला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो डोक्याच्या उत्तरेकडे असतो. त्यामुळे जूनमध्ये सकाळी आणि उतरत्या दुपारी उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतं. काचांना आतून ट्रेसिंग पेपर लावला. खर्च ₹120, उपयोग भरपूर.

बसणाऱ्या मुलीला ताशी ₹400, त्याच दिवशी रोख. आर्ट स्कूलमध्ये मॉडेलला पैसे देतात, मग या मुलींना ‘तुझं चित्र काढते आहे’ एवढ्यावर कसं बसवायचं? त्यांना सुट्टीचा एकच दिवस मिळतो. त्यात कपडे धुवायचे असतात, घरी फोन करायचा असतो, झोपायचं असतं.

9 जून

पहिली मुलगी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, रत्नागिरी जिल्ह्यातली. नाव लिहीत नाही. सगळ्यांनाच तसा शब्द दिला आहे. रात्रपाळी करून आली ती ठेवणीतली साडी नेसून, लिपस्टिक लावून. खुर्चीत ताठ बसली. “ताई, हसू की नको?” मी कोळशाने रेखाटन सुरू केलं, पण ते लग्नाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोसारखं होत गेलं. पुसलं, बाजूने बसवलं, पुन्हा तेच.

शेवटी म्हटलं, चहा घेऊ. चहा ठेवायला वळले तेवढ्यात तिने अंबाड्याच्या पिना काढायला सुरुवात केली. एकेक पिन काढून ओठांत धरत होती, डोळे जमिनीकडे, कोपर वर, दुसऱ्या हाताने मानेमागचे केस सैल करत. बारा तास घट्ट बांधलेलं डोकं मोकळं होत होतं. मी तिला तिथेच थांबायला सांगितलं. पोझ हीच. साडी नको, पुढच्या वेळी ड्युटीवरून येतेस तशीच ये, म्हटलं.

कोपर वर धरलेला हात पाच मिनिटांत दुखायला लागतो. छताच्या हुकाला ओढणी बांधून तिचा फास मनगटाला आधार म्हणून दिला. मग वीस मिनिटं बसता आलं. चित्रात ओढणी नाही.

16 जून

त्वचेच्या रंगावर आजचा दिवस गेला, आणि तो तसा जायलाच हवा होता. तयार ‘फ्लेश टिंट’ची ट्यूब विकत घेऊ नका. ती गुलाबी गोऱ्या त्वचेसाठी बनवलेली असते, आपल्याकडे कुणावरच बसत नाही. सावळा रंग उजेडात न्यायला नुसता पांढरा मिसळला तर चेहऱ्यावर पीठ उधळल्यासारखं दिसतं, आणि सावलीत काळा मिसळला की चेहरा मळका होतो.

मला जमलेलं मिश्रण असं: मधला रंग यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अगदी किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा). सावलीला गडद तपकिरी बर्न्ट अंबर आणि थोडा गडद लाल अ‍ॅलिझरिन. कपाळ आणि गालाच्या हाडावर जिथे खिडकीचा उजेड थेट पडतो, तिथे चमक थंड, निळसर राखाडी असते; तिथे टिटॅनियम व्हाइट चालतो, पण निळ्याची छटा देऊनच. कानाची पाळी आणि नाकपुडीची कड यांना शुद्ध बर्न्ट सिएना. एवढ्याने चेहऱ्यात रक्त येतं.

ती मागून बघत होती. म्हणाली, “ताई, थोडी उजळ करा ना.” हे ऐकावं लागणार हे ठाऊकच होतं, आणि वादाने ते सुटत नाही. पॅलेटवर तिच्या हाताचा रंग मिसळला आणि सुरीच्या टोकाने तिच्या मनगटावर एक ठिपका लावला. हात लांब केला तेव्हा ठिपका कुठे लावला होता ते दिसेना. ती बराच वेळ मनगट उजेडात फिरवून बघत राहिली. मग विचारलं, “यात निळा पण आहे?” त्यानंतर उजळ करण्याचा विषय निघाला नाही. (असं करताना कॅडमियमचे रंग किंवा लेड व्हाइट मिश्रणात अजिबात नको. मातीचे रंग आणि अल्ट्रामरीन एवढेच वापरा, आणि लगेच साबणाने धुवा.)

30 जून

पावसाचा उजेड आला. ढग दाटले की खिडकीतून येणारा उजेड बराच कमी होतो आणि त्याचा रंगही बदलतो. जुन्या ट्यूबलाइटखाली मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी नेला तर वेगळाच. नव्या एलईडी पट्ट्या आणल्या, 5000 केल्विनच्या, रंग नीट दाखवणाऱ्या (सीआरआय 95). दोन मिळून ₹2,900. या खर्चात काटकसर करू नका, बाकी कुठेही करा. एक पट्टी मुलीवर, एक कॅनव्हासवर, दोन्ही एकाच प्रकारच्या. दोन प्रकारचे दिवे लावले की डोळा कशावरच विश्वास ठेवत नाही.

8 जुलै

मध्यरात्रीपासून मुसळधार. मध्य रेल्वे ठप्प, आजची बैठक रद्द. दुसरी मुलगी, सीए होण्यासाठी आर्टिकलशिप (कामावरचं प्रशिक्षण) करणारी, डोंबिवलीहून निघालीच नाही. निघायचा प्रयत्न केला नाहीस हे बरं केलंस, असं तिला कळवलं.

रिकामा वेळ होता म्हणून कॅनव्हास तपासले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एकाच्या मागे बुरशी, करड्या ठिपक्यांची, तळहाताएवढी. हा कॅनव्हास सरस लावून पारंपरिक पद्धतीने तयार केलेला होता. सरस हवेतलं पाणी ओढतो, फुगतो, सैल पडतो आणि बुरशीला खाऊ घालतो. अ‍ॅक्रिलिक प्राइमर (रंगाखालचा तळाचा थर) लावलेले बाकीचे सादळले होते, पण शाबूत होते. त्यांच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरा हलकेच ठोकून कापड पुन्हा ताणलं.

बुरशी खिडकीबाहेर सुक्या ब्रशने झाडली, मागची बाजू स्पिरिटने पुसली, पण तो कॅनव्हास मी आता वापरणार नाही. कापड, स्ट्रेचर, मजुरी धरून ₹1,900 गेले. मुंबईत पावसाळ्यात काम करणार असाल तर सरसाचा मोह सोडा. कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब, आणि पंखा कायम चालू.

14 जुलै

नर्सच्या चित्रातले केस अजून चिकट आहेत. केसांना आयव्हरी ब्लॅक वापरला होता. तो मुळातच सावकाश वाळतो, दमट हवेत तर विचारूच नका. शेजारचा बर्न्ट अंबरचा भाग दुसऱ्या दिवशी कोरडा झाला होता. चिकट थरावर नवा रंग चढवला तर पुढे तडे जातात. म्हणून केस सुरीने खरवडले, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसले आणि बर्न्ट अंबर अधिक अल्ट्रामरीन असे नव्याने केले. हा काळा जास्त जिवंतही दिसतो: उजेडाकडे निळसर, सावलीकडे तपकिरी. आपल्या केसांचा खरा रंग असाच असतो.

खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम पावसाळ्यात दुप्पट कडक पाळायचा.

28 जुलै

आर्टिकलशिपवालीला तिच्याच खोलीत रंगवायचं ठरवलं होतं. डोंबिवलीचा प्रवास झेपेना म्हणून ती आता अंधेरीला पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) राहते. दहा बाय दहाची खोली, तीन खाटा, दोरीवर वाळत घातलेले कुडते, एका सॉकेटला तीन चार्जर. इझल उघडलं की दार उघडत नाही. आणि टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत गेला. घरमालकीणबाई वर आल्या. “हे काय लावलंय? बाहेरचं कोणी आणायचं नाही, सांगितलंय ना मुलींना!” त्यांचंही चूक नाही, भाड्याच्या खोलीत पेट घेणारं द्रव्य कोण चालवून घेईल? पण मुलीची जागा जायची वेळ आली होती. मी माफी मागून सामान आवरलं.

यापुढे कुणाच्या खोलीत फक्त कोळसा, पेन्सिल आणि गवॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) रंगनोंदी. वास नाही, डाग नाही, सगळं एका पिशवीत मावतं. तेलाचं काम गिरगावात. खोलीतल्या वस्तूंची मापं टेपने घेऊन लिहून ठेवते: खाटेची उंची, दोरी कुठल्या खिळ्यापासून कुठे. फोटोत कोपऱ्यातल्या भिंती लांबतात, मापं खोटं बोलत नाहीत.

18 ऑगस्ट

पीजीच्या चित्राचा विषय ठरला तो रात्री. दिवा अकराला बंद होतो, दोघी झोपलेल्या, ही भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर अभ्यासाचे व्हिडिओ बघते. उजेड फक्त स्क्रीनचा.

पहिल्यांदा चेहऱ्याला टिटॅनियम व्हाइट आणि अल्ट्रामरीनचं मिश्रण दिलं. मुलगी आजारी दिसायला लागली. इथे चित्रकार एस. एल. हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र मदतीला आलं. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यात ज्योत दिसतच नाही, दिसतात ती ज्योतीपुढे धरलेली, आतून लाल झालेली बोटं. उजेड रंगवायचा म्हणजे तो ज्या त्वचेवर पडला ती त्वचा रंगवायची.

मग सगळं उलटं केलं. चेहरा आधी ऑकर आणि सिएनातच पूर्ण केला, फक्त नेहमीपेक्षा राखाडीकडे झुकवून. सावल्या उबदार ठेवल्या. निळा फक्त नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठाच्या ओलसर रेषेवर आणि अंगठ्याच्या नखावर. सभोवती तपकिरी असल्यामुळे तेवढ्यानेच स्क्रीन निळी वाटते.

व्यवहारातली एक अडचण: व्हिडिओ चालू असला की चेहऱ्यावरचा उजेड सतत बदलतो. मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडून ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवला, स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवली. अर्धा तास कोऱ्या पानाकडे बघून तिचे डोळे दुखले. म्हणून तिला पानावर बारीक अक्षरांत तिच्याच अभ्यासाचे मुद्दे लिहून दिले. अभ्यासही झाला, आणि नजर खरी आली. वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे सरकत असतो, वरची पापणी खाली उतरलेली असते. नुसतं बघणाऱ्या डोळ्यात हे नाही.

ज्या मुलीला वेळ नाही, तिचा वेळ मागायचा असेल तर ती एरवी जे करणार होती तेच माझ्यासमोर करू द्यायचं. पिना काढणं असो की अभ्यास. चित्रंही तशीच चांगली होत आहेत.

सप्टेंबर

7 तारखेला गणपती. रत्नागिरीकर नर्स गावी, बाकीच्याही आपापल्या घरी. बैठका बंद. पार्श्वभूमी आणि कापडं एवढंच काम.

7 ऑक्टोबर

तिसरं चित्र लोकलच्या लेडीज डब्याचं. यासाठी नवरात्र गाठायचं ठरवलंच होतं. वर्तमानपत्रांतून येणारे नऊ दिवसांचे रंग मुंबईच्या बायका मनापासून पाळतात. आज सोमवार, पांढरा. पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सोडली, तेव्हापासून किती जणींचं अर्धं आयुष्य या डब्यांत गेलं असेल.

सकाळच्या गाडीत उभ्याने रंगनोंदी घेतल्या. सगळ्या डब्यात पांढरं, त्यामुळे उजेड खालून वर उसळत होता. हनुवटीखाली, जिथे नेहमी सावली असते, तिथे प्रत्येकीला राखाडी उजेड. शुक्रवारी हिरवा होता तेव्हा तिथेच हिरवट झाक होती, आणि उद्या लालच्या दिवशी गळे तांबूस दिसतील. बाकी कुठलाही रंग इतका उजेड देत नाही. चित्र पांढऱ्या दिवसाचंच.

डब्यात ओळखू येईल असा अनोळखी चेहरा काढत नाही. फक्त उभं राहण्याच्या, बसण्याच्या तऱ्हा. चित्रातले चेहरे ज्यांनी होकार दिला त्यांचेच असतील.

20 ऑक्टोबर

विषयाचा गाभा आहे चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथी “जरा सरका ना” म्हणून टेकते ती. एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, बाहेरचा पाय जमिनीत रोवलेला, पर्स पोटाशी, आणि धड आतल्या बाजूला पीळ दिल्यासारखं. कॉल सेंटरमध्ये काम करणारी नागपूरची मुलगी यासाठी बसली. तिला लाकडी बाकाच्या कडेला बसवलं, पण तोल खोटा. शेजारी जागा रिकामी असली की शरीर आपोआप आत सरकतं, कितीही सांगितलं तरी. बाकाची फळी आखूड केली, मग ती पडायच्या भीतीने ताठरली.

शेजारी तिघी खरंच बसल्याशिवाय चौथीचा तोल येत नाही. चार मुलींचा एक मोकळा रविवार जुळवायचा म्हणजे नर्सचं रोस्टर, आर्टिकलशिपवालीचं ऑडिट आणि कॉल सेंटरची शिफ्ट एका रेषेत आणायची.

17 नोव्हेंबर

दिवाळीनंतर अखेर जमलं. चौघी पांढऱ्या कुडत्यांत, दहा-दहा मिनिटांच्या हप्त्यांनी, कारण चौथीची मांडी बधिर होते. दर हप्त्याला त्या जागा बदलत, पण चौथीची जागा नागपूरकरणीचीच. दुपारी त्यांनी डबे उघडले, एकमेकींची भाडी विचारली. कपड्यांच्या पांढऱ्याला टिटॅनियम नुसता वापरलेला नाही. तो फक्त खिडकीकडच्या खांद्यावर. बाकी सगळा पांढरा म्हणजे ऑकर, अल्ट्रामरीन आणि शेजारणीच्या त्वचेची झाक. चौघींचे आणि जेवणाचे मिळून त्या दिवसाचे ₹10,400 झाले. सगळ्या कामातला सर्वात महाग दिवस, आणि सर्वात मोलाचा.

24 नोव्हेंबर

नर्स तिचं चित्र बघायला आली. खूप वेळ हातांकडे बघत होती. सतत धुऊन आणि सॅनिटायझर लावून बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरट, भेगाळलेली, ती मी तशीच रंगवली होती. म्हणाली, “हात राहू दे तसेच. पण कार्ड काढा.” गळ्यातल्या ओळखपत्रावर रुग्णालयाचं चिन्ह दिसत होतं. कुणी विचारलं तर? बरोबर आहे तिचं.

अशा वेळी वरून रंग फासून भागवू नका. तैलरंगाचा थर वर्षं जातात तसा पारदर्शक होत जातो आणि खालचं चिन्ह पुढे कधीतरी वर दिसायला लागतं. तेवढा भाग सुरीने तळापर्यंत खरवडला, बारीक पॉलिश पेपरने घासला, मग नव्याने कुडता रंगवला. फीत राहिली, कार्ड उलटं फिरलेलं, कोरी बाजू पुढे. ड्युटी संपल्यावर ते असंच फिरलेलं असतं, असं तिनेच सांगितलं.

15 डिसेंबर

लोकलच्या चित्रात गडद भाग ठिकठिकाणी निस्तेज, मॅट पडले आहेत. वरच्या थरातलं तेल खालचा प्राइमर शोषून घेतो म्हणून असं होतं. रंग वाढवून उपयोग नाही. थर कोरडा झाल्यावर अगदी थोडं लिनसीड टर्पेंटाइनमध्ये मिसळून मऊ फडक्याने चोळलं, जास्तीचं लगेच पुसून घेतलं. रंगांची खोली परत आली.

वार्निशची घाई करायची नाही. थर किमान सहा महिने ते वर्ष मुरू द्यायचा, आणि दमट हवेत तर ते लावायचंच नाही, कारण पांढरट धुरकट पडदा धरतं. या हिशेबाने पीजीचं चित्र येत्या एप्रिलमध्ये होईल, आणि कुडता नव्याने रंगवलेलं नर्सचं मेअखेरीस. लोकलचं जूनमध्ये तयार होईल, पण तेव्हा पाऊस. ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबेल. तोवर तिन्ही उजेडात, तोंड खोलीकडे करून टांगली आहेत, कारण अंधारात ठेवलं की लिनसीड पिवळं पडतं.

पुढच्या चित्रांसाठी ताशी दर ₹500 केला आहे.